सांजोऱ्या, डेरगं आणि न सापडणारे शब्द : एका अहिराणी ब्लॉगचं प्रकरण

माझे प्राथमिक शाळेतले सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अलीकडे एका खेड्यात ते राहतात. नोकरीत असल्यापासून अहिराणी शब्द टिपून ठेवायचा त्यांना नाद. जाड रेघी वही, उजव्या पानावर शब्द आणि अर्थ, डाव्या पानावर तो कुणाच्या तोंडून ऐकला आणि कुठे, याची नोंद. अशा सात वह्या झाल्या. पुढे त्यातलं निवडक त्यांनी डीटीपी करून घेतलं, पुस्तक काढायचं म्हणून. पुस्तक निघालं नाही. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्यानं एका दिवाळीच्या सुट्टीत ब्लॉगर डॉट कॉमवर ब्लॉग उघडून दिला आणि सगळी पानं तिथे चढवली. साठेक नोंदी झाल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मंडपात एका पाहुण्याशी बोलता बोलता सर म्हणाले, माझा संग्रह नेटवर आहे. त्या गृहस्थांनी उभ्याउभ्याच मोबाइल काढला आणि ‘आंडेर’ हा शब्द शोधला. अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी, लेक. सरांच्या ब्लॉगवर तो पहिल्याच नोंदीत आहे. पण शोधात ब्लॉग आलाच नाही. त्यांनी आणखी चार शब्द टाकून पाहिले, तरीही नाही.

सरांच्या ते जिव्हारी लागलं. पावसाळा सरल्यावर एका रविवारी ते बसनं जळगावला माझ्याकडे आले, पिशवीत दोन वह्या घेऊन. चहा समोर तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “भाऊ, मन्हा शब्द गूगलमा काबर सापडत नहीत?”

मी वेबसाइटची कामं करतो, त्यामुळे असे प्रश्न रोजच येतात. पण या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात चार महिन्यांचे रविवार गेले. ते सगळं इथे क्रमानं लिहितो आहे, कारण मराठीत आणि मराठीच्या बोलींत लिहिणाऱ्या कितीतरी लोकांचं लिखाण आज याच खोड्यात अडकलं आहे, आणि त्यांना ते माहीतही नाही.

पहिलं निदान चुकलं

ब्लॉग उघडल्यावर माझी नजर आधी साच्यावर गेली. वर फिरती चित्रं, बाजूला घड्याळ, खाली वाचकसंख्येचा आकडा. पान उघडायला मोबाइलवर बराच वेळ लागत होता. मला वाटलं, दुखणं इथेच आहे. सरांना सांगितलं की साचा बदलू, सर्च कन्सोलला (आपली पानं शोधात कशी दिसतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीला) ब्लॉग जोडू, आठवडाभरात फरक दिसेल.

साचा बदलला. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ब्लॉगची मालकी सिद्ध केली, साइटमॅप म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी दिली. ब्लॉगर ती आपोआप बनवतो, फक्त तिचा पत्ता टाकायचा असतो. दोन आठवड्यांनी पाहिलं तर बहुतेक पानं गूगलनं नोंदवून घेतली होती. पण कुठल्या शब्दांवर ब्लॉग दिसला, त्या यादीत सरांचं नाव आणि गावाचं नाव एवढंच. एकही अहिराणी शब्द नाही. पानं गूगलला माहीत होती, पण त्यांवरचा मजकूर त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. ‘आंडेर’ची नोंद उघडली आणि माउसनं तो शब्द निवडायचा प्रयत्न केला. शब्द निवडला जाईना, सगळं पान एकदम निळं झालं. कंट्रोल आणि एफ दाबून त्याच पानावर ‘आंडेर’ शोधला, तर शून्य. डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत असलेला शब्द ब्राउझरला दिसत नव्हता, कारण ते पान म्हणजे छायाचित्र होतं. साठच्या साठ नोंदी म्हणजे डीटीपीच्या पानांची चित्रं होती. शोधयंत्र चित्रातल्या अक्षरांना पानाचा मजकूर धरत नाही. त्याच्या लेखी सरांचा ब्लॉग म्हणजे साठ चित्रं आणि वर ‘भाग १’, ‘भाग २’ असे मथळे.

ही तपासणी कुणालाही दहा सेकंदांत करता येते, म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्या पानावरचा एक शब्द बोटानं निवडा, कॉपी करा, शोधपट्टीत चिकटवा. तो शब्द तसाच उमटला तर मजकूर खरा आहे. चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, किंवा शब्द निवडलाच गेला नाही, तर बाकी सगळं सोडून आधी तिथे लक्ष घाला.

पुतण्यानं चित्रं का चढवली?

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, मी आधी मजकूरच चिकटवत होतो. पण सगळी इंग्रजी अक्षरं यायची. म्हणून मग पानांचे फोटो टाकले.” त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही कदाचित तेच सुचलं असतं.

गोष्ट अशी. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांकयोजना असावी म्हणून युनिकोड आलं, त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग पट्टा राखलेला आहे. पण विंडोजवर देवनागरी युनिकोडची नीट सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली, आणि छपाईवाले ज्यावर काम करत त्या पेजमेकरला भारतीय लिप्यांचं युनिकोड शेवटपर्यंत जमलं नाही. मधली सगळी वर्षं आपल्याकडचं डीटीपी एका युक्तीवर चाललं: क्रमांक इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे, फक्त फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरी आकार बसवायचे. कागदावर छापायचं असेल तेव्हा यात काहीच अडचण नसते. आपली लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची सूचना, दिवाळी अंक, सगळं असंच छापलं गेलं.

सरांचं पुस्तक कृतिदेवच्या घराण्यातल्या फॉन्टमध्ये होतं. त्यात ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, कॅपिटल बी, एच या पाच इंग्रजी कळा. फॉन्ट असलेल्या संगणकावर ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट काढून घेतला की खाली ती पाच इंग्रजी अक्षरंच उरतात. ‘अहिराणी’ तर आणखी बोलकं उदाहरण आहे. कळांचा क्रम असा: व्ही, एफ, जी, जे, के, टिंब, के, एच. यातली एफ ही ऱ्हस्व वेलांटी, आणि ती ‘ह’च्या आधी टाइप होते, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. ‘ण’ला स्वतःची कळच नाही, टिंबानं अर्धा ण काढायचा आणि के या काना असलेल्या कळीनं त्याला दांडा द्यायचा. म्हणजे शब्दाच्या पोटात आवाजाचा क्रम नाहीच, आकार जोडण्याचा क्रम आहे.

युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आधी ह, मग वेलांटी. ‘सर्व’ लिहिताना आधी र, मग व. जुन्या फॉन्टात रफार ‘व’च्या नंतर टाइप होतो, कारण तो शेवटी डोक्यावर बसवायचा असतो. एवढं कळलं की रूपांतर का बिघडतं तेही कळतं.

फोटोवरून अक्षरं ओळखायचा प्रयत्न

आधी सोपा रस्ता धरला. गूगल ड्राइव्हमध्ये पानाचं चित्र चढवून ते डॉक्समध्ये उघडलं की मजकूर सुटा होऊन मिळतो. मराठीसाठी हे आता खरंच चांगलं चालतं. छापील मराठी पत्रिका, जुने अंक यांच्यासाठी मी ते डोळे झाकून सुचवेन. पण अहिराणीत गाडी अडली. ‘शे’ म्हणजे ‘आहे’. त्याचं कुठे ‘से’ झालं, कुठे ‘शो’. ओळखणाऱ्या यंत्राला मराठी-हिंदीची सवय, ते अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाकडे ओढतं. शब्दसंग्रहात तर अनोळखी शब्द हाच माल. तिसऱ्या पानावर तो नाद सोडला.

मग मूळ फाइल शोधणं आलं. डीटीपीचं दुकान केव्हाच बंद झालेलं. पण त्या माणसानं जुना संगणक माळ्यावर जपून ठेवला होता आणि तो चालूही झाला. पेजमेकरमधून त्यानं सगळा मजकूर बाहेर काढून पेनड्राइव्हवर दिला. पैसे घेतले नाहीत. सरांनी त्याच्या मुलाला शिकवलं होतं.

‘सांजोऱ्या’वर अडलेली गाडी

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी मोफत पानं नेटवर बरीच आहेत. वरच्या चौकटीत चिकटवायचं, खाली देवनागरी मिळतं. पहिल्या फटक्यात बहुतेक मजकूर वाचण्याजोगा झाला. सर खूश झाले. मी मात्र ‘आखाजी’चं पान उघडलं आणि थांबलो.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. सालदाराचं साल तिथून सुरू होतं, सासरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात. त्या दिवशी पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर पुजतात आणि सांजोऱ्यांचा नैवेद्य असतो. त्या पानावर ‘सांजोऱ्या’ शब्द सात वेळा होता आणि सातही ठिकाणी ‘सांजोर्या’ झाला होता, ‘सूर्या’तल्यासारखा रफार डोक्यावर घेऊन. ‘पोऱ्या’चंही तेच.

बहुतेक रूपांतरक हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनले आहेत, आणि हिंदीत हा कोयत्याच्या पात्यासारखा वाकडा र नाही. मराठीत मात्र त्यावर अर्थ बदलतो: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण पानावर एक तऱ्हा असेल आणि शोधणाऱ्यानं दुसरी टाइप केली तर कंट्रोल-एफला शब्द सापडेलच असं नाही. मराठी नेटवर ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द अशा दोन जातींत विखुरलेला आहे. अक्षरामागचा क्रमांक दाखवणारी पानं नेटवर मिळतात. शंका आली की शब्द तिथे चिकटवून पाहावा.

मी पहिली तऱ्हा धरली. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर ‘ऱ’ सरळ मिळतो, र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह, म्हणून. मग नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधा-आणि-बदला यांची क्रमवार यादी केली. आधी मोठे तुकडे, मग लहान. नाहीतर ‘ण’चा काना आधीच बदलून जातो आणि अर्धा ण लोंबकळत राहतो. वेलांटी जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यायची; ‘निश्चित’मधली दुसरी वेलांटी श आणि च या दोघांच्या पुढे गेली पाहिजे, मध्ये अडकता कामा नये. र्य दिसेल तिथे मात्र आपोआप बदल केला नाही. ‘सूर्य’ही बदलला असता. ते एकेक करून डोळ्यांनी तपासलं.

तपासायला सर होतेच, पण खरी तपासणी काकूंनी केली. सर मोठ्यानं वाचायचे आणि काकू निवडणं-टिपणं करता करता ऐकायच्या. कानाला खटकलं की “हाई काय शे?” म्हणून थांबवायच्या. अर्ध्याअधिक चुका त्यांनी न बघता धरल्या. तेव्हाच कळलं की वह्यांच्या डाव्या पानांवर सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं नाव त्यांचंच आहे.

सरांशी झालेला वाद

मजकूर शुद्ध झाला, आणि मग तो मांडायचा कसा यावर आमचं बरंच झालं. सरांना अकारविल्ह्यानं सगळे शब्द एकाच लांब पानावर हवे होते, पुस्तकासारखे. माझं म्हणणं होतं की विषयवार पानं करू: शेती, चूल, नाती, सण. प्रत्येक पानावर वीस-पंचवीस शब्द, शब्दाला मराठी अर्थ आणि वापरलेलं एक वाक्य. माणूस शब्द विसरलेला असतो आणि अर्थाकडून शोधत येतो, किंवा शब्द ऐकलेला असतो आणि ‘म्हणजे काय’ असं विचारत येतो. दोघांनाही पानावर मराठी वाक्य लागतं.

हे त्यांनी मान्य केलं. लेखनाचा मुद्दा मात्र सहज सुटला नाही. अहिराणीला ठरलेलं शुद्धलेखन नाही. ‘माझा’साठी कुणी ‘मना’ लिहितं, कुणी ‘मन्हा’. सरांनी आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं. एकाच शब्दाची दोन रूपं छापायची हे त्यांना पटेना. मी म्हटलं, “सर, शोधणारा त्याच्या गावचं रूप टाइप करतो. ते पानावर नसेल तर त्याच्यासाठी शब्द नाहीच.” शेवटी असं ठरलं: मुख्य रूप सरांचं, आणि खाली ‘असंही म्हणतात’ म्हणून बाकीची रूपं, कुठे ऐकलं त्या गावासह. डाव्या पानांवरची माहिती अशी पहिल्यांदा वाचकांपुढे आली. माझ्या मते आज त्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

पत्ते, आवाज आणि किल्ली

ब्लॉगरची एक खोड मराठी लिहिणाऱ्यांना माहीत असावी. मथळा देवनागरीत असला की पानाचा पत्ता बनवताना तो ती अक्षरं गाळतो, आणि सगळ्या नोंदींचे पत्ते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असे होतात. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये आपला पत्ता रोमन अक्षरांत स्वतः लिहावा. नंतर बदलायचा तर नोंद पुन्हा मसुद्यात न्यावी लागते. जुने पत्ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरत होते, म्हणून सेटिंगमधल्या कस्टम रीडायरेक्टमधून ते नव्या पानांकडे वळवले.

साच्यात भाषा मराठी अशी नोंदवली. त्यानं ल आणि श हे मराठी वळणाचे दिसू लागतात, अर्थात फॉन्टमध्ये ती सोय असेल तर. काही शब्दांसोबत चुलीचे, खापराचे फोटो टाकले. ते स्क्वूशमधून बारीक करून घेतले. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, पानाला तेवढा लागत नाही.

आवाजाचं काम मला सगळ्यात जवळचं. लेखी ‘मन्हा’मधला ह किती हलका आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही. काकूंनी शब्द आणि वाक्यं म्हणायची, मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, पंखा बंद करून, दुपारच्या वेळी. ब्लॉगरवर ध्वनिफीत थेट चढवता येत नाही, म्हणून त्या इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहावर ठेवल्या आणि पानात जोडल्या. त्याच आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ब्लॉगचं प्रत्येक पान ‘सेव्ह पेज नाऊ’नं जतन केलं. जिओसिटीज ही एके काळची गजबजलेली सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली तेव्हा लाखो पानं गेली. जी उरली ती अशा कुणीतरी उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे.

आणि किल्ली. ब्लॉग सरांच्या एकाच गूगल खात्यावर होता, आणि ते खातं ते महिनोन्महिने उघडत नसत. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झालं आहे. पुतण्याला ब्लॉगचा दुसरा प्रशासक केलं. टेकआउट या गूगलच्या सोयीतून ब्लॉगची पूर्ण प्रत काढून ती तिघांकडे ठेवली. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा विकतचा पत्ता घ्या, असं सरांना एकानं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. दरवर्षी नूतनीकरण आठवणीनं करणारं कुणी घरात नसेल तर ते चुकतं, आणि एकदा चुकलं की सगळे पत्ते मरतात. फुकटचा पत्ता दिसायला साधा असतो, पण सरांच्या परिस्थितीत तोच जास्त टिकाऊ.

आखाजी २०२५

मार्चच्या अखेरीस काम झालं. सर्च कन्सोलच्या यादीत दिसलेला पहिला अहिराणी शब्द ‘आंडेर’च होता. मी त्याचा स्क्रीनशॉट सरांना पाठवला. त्यांनी काही लिहिलं नाही, फोन केला आणि नुसतं “दखं रे भाऊ, दखं” म्हणाले.

त्या वर्षी आखाजी ३० एप्रिलला होती. आदल्या आठवड्यात ‘सांजोऱ्या’वरून माणसं येऊ लागली, आणि मी मुद्दाम तपासलं, ती खऱ्या ऱवाल्या पानावरच येत होती. त्याच यादीत एक शोध असा होता जो आमच्या एकाही पानावर नव्हता: ‘डेरगं कसं ठेवतात’. डेरगं शब्द सरांच्या संग्रहात होता, ‘आखाजीचं मातीचं लहान भांडं’ एवढ्या अर्थानं. कसं ठेवतात हे कुठेच नव्हतं.

मी फोनवर सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, थांब, आणि फोन काकूंकडे दिला. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. काकूंनी विचारलं, कोण विचारतंय? मी म्हटलं, ते कळत नाही काकू, नुसता प्रश्न दिसतो. थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, एखादी आंडेर असेल बाहेरगावी, सुरतेला नाहीतर पुण्याला, पहिल्यांदा एकटीनं आखाजी करणारी. आणि सांगू लागल्या: आधी घागर, पाण्यानं भरून. तिच्या तोंडावर डेरगं, तेही भरलेलं. त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. मी घाईनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि म्हटलं, काकू, पुन्हा पहिल्यापासून सांगा, सावकाश.